उंच मानेची बाटली

वेळूखेड गावात कुणाच्या मुलीचे केस कसे आहेत, हे चैत्रात कळायचं. चैत्रात मोगरा यायचा. मग आया आपापल्या मुलींच्या वेण्यांवर मोगऱ्याच्या कळ्या दोऱ्यानं ओवून बसवायच्या. तालुक्याहून फोटोवाला यायचा. तो मुलीच्या पाठीमागे आरसा धरायला लावायचा आणि एकाच फोटोत तिचा चेहराही घ्यायचा, वेणीही. केस दाट असले तर कळ्यांची जाळी मानेपासून टोकापर्यंत बसायची. विरळ असले तर कळ्या निसटायच्या. फोटो मात्र भिंतीवर कायमचा राहायचा.

या गावात वैजयंती नावाची एक शिकलेली बाई राहत होती. तिला ओवी नावाची एकच मुलगी होती, आणि काळजी करायला तेवढी पुरेशी होती. ओवी खोकली की वैजयंतीला वाटायचं, काल आपण ताक द्यायला नको होतं. ओवी खोकली नाही तर वाटायचं, आत काहीतरी साचत असेल. भाद्रपदात एके दिवशी ओवीच्या फणीत केसांचा गुंता आला. वैजयंतीनं तो बोटाला गुंडाळला, उजेडात धरून पाहिला, आणि ठरवून टाकलं की चूक आपलीच आहे. आपण मुलीला स्वस्तातला शांपू लावतो.

स्वस्तातला शांपू म्हणजे शिवलिंगअप्पांच्या दुकानाच्या दारात लोंबणाऱ्या पुड्या. माळेतून हवी तेवढी तोडून घ्यायची. सगळ्या गावाचं डोकं त्याच माळेवर धुतलं जायचं. पण त्या महिन्यात अप्पांनी काचेच्या कपाटात एक नवी बाटली मांडली होती. उंच मान, सोनेरी झाकण, आणि वर एका बाईचं चित्र. चित्रात वारा कुठेच नव्हता, तरी बाईचे केस उडत होते.

वैजयंतीनं विचारलं, "अप्पा, यानं केस गळायचे थांबतात का?"

"ही बाटली नेलेलं गिऱ्हाईक अजून तक्रार घेऊन आलेलं नाही, वहिनी."

"किती जणांनी नेली?"

"नेलीत तर तुम्ही पहिल्या."

वैजयंतीला यातली गोम कळली. शिकलेली होती ती. तरी तिनं दिवाळीच्या साडीसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढले आणि बाटली घेतली. पुडी नेली असती तर मनाला टोचणी लागली असती. बाटलीनं निदान ती टोचणी तरी थांबेल, असं तिला वाटलं.

बाटली महाग होती, म्हणून ती न्हाणीघरात राहिली नाही. ती बाहेरच्या खोलीत, फळीवर, घड्याळाशेजारी राहिली. रविवारी तेवढी आत जायची आणि लगेच परत यायची. महाग होती म्हणून वैजयंती झाकणाच्या तळाला लागेल एवढाच शांपू ओतायची. आणि महाग होती म्हणूनच ओवीच्या डोक्यावर पाणी बेतानं घालायची. एवढा छान वास मोरीतून वाहून जावा, हे तिच्या जिवावर यायचं.

त्याच घरात तिची थोरली जाऊ होती, इंदिरा. वैजयंती तिला अक्का म्हणायची. अक्कांनी एकदा ओवीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, चिकट राहिलंय पोरीचं डोकं. आणखी दोन तांबे घाल की."

"नको अक्का. वास जाईल."

"बरं बाई. वास राहू दे, डोकं जाऊ दे."

ओवीच्या डोक्याला खाज सुटली. कानांमागे पांढरे पापुद्रे धरले. फणीतला गुंता होता तेवढाच राहिला. वैजयंती विचारात पडली, आपण कमी लावतोय की जास्त? शांपूतच काही कमी असेल, हे तिच्या मनात आलं नाही. इतक्या किमतीच्या वस्तूचा दोष कसा असेल? तेव्हा तो घरातच कुठेतरी असणार, आणि घरात दोष घ्यायला ती नेहमीच तयार असायची.

इकडे शेजारच्या बाया घड्याळ बघायला मान वर करायच्या आणि बाटली बघायच्या.

"अगं बाई! ओवीला हे लावता?"

"हो. फरक पडतो ना," वैजयंती म्हणायची.

फरक पडला होता, हे खरंच होतं. कसला, ते कुणी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुमारास बाटली संपली. दुसरी परवडणारी नव्हती. पण फळीवरची जागा रिकामी दिसली असती तर बायांनी कारण विचारलं असतं. मग वैजयंतीनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. पुड्या कात्रीनं कापल्या, बाटलीत पिळल्या, थोडं पाणी घालून हलवलं. रंगही बऱ्यापैकी जमला. रिकाम्या पुड्या तिनं पाणी तापवायच्या बंबात, जळणाच्या खाली सारल्या. बाटली पुन्हा घड्याळाशेजारी जाऊन उभी राहिली. मान तेवढीच उंच.

आता आतला माल स्वस्त होता, आणि त्याचा वास धरून ठेवावा असा नव्हता. त्यामुळे वैजयंतीचा हात मोकळा झाला. ती आदल्या दिवशी तेल जिरवायची. रविवारी बोटांच्या पेरांनी डोकं हलकेच चोळायची, आणि मग तांब्यावर तांब्या ओतायची, केस हाताला करकरीत लागेपर्यंत. ओले केस ओढायची नाही. वाळल्यावर टोकाकडून गुंता सोडवायची. खाज गेली. पापुद्रे गेले. फणी रिकामी यायला लागली. वैजयंतीनं हे सगळं पाहिलं आणि तिला नवल वाटलं. जुन्या शांपूचा अंश बाटलीच्या तळाला राहिला असेल, त्याचाच हा गुण, असं तिनं स्वतःला समजावलं.

चैत्र आला. अक्कांनी ओवीची वेणी घातली आणि कळ्या बसवल्या. मानेपासून टोकापर्यंत जाळी भरता भरता परडीतल्या सगळ्या कळ्या संपल्या. फोटोवाल्यानंसुद्धा आरसा दोनदा पुसून घेतला. बाया जमल्या.

"बाटलीची करामत, दुसरं काय!"

"आमच्या पोरींच्या नशिबी पुड्याच."

वैजयंती हसली. त्या हसण्यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं, पण बायांनी त्यातून हो तेवढं उचललं.

त्या गर्दीत हौसा उभी होती. हौसा पलीकडच्या आळीत राहायची. तिची मुक्ता ओवीच्याच वयाची. मुक्ताला पावसाळ्यात मुदतीचा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना केस घेऊन गेला. मागे राहिली ती बोटभर जाडीची वेणी. मुक्ताच्या वेणीवर बसवलेल्या कळ्या फोटोवाला येण्याआधीच अंगणात गळून पडल्या होत्या, आणि मुक्तानं फोटो काढून घेतला नव्हता.

हौसा दुसऱ्या दिवशी हातपंपावर भेटली.

"वहिनी, उद्या बाजार. शेळी काढते. अप्पांना बाटली ठेवायला सांगितलंय. दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ नका म्हटलं."

वैजयंतीच्या हातातली कळशी तशीच राहिली. "शेळी? अहो, मग मुक्ताच्या दुधाचं काय?"

"दूध काय, प्यालं की दिसेनासं होतं. केस चारचौघांत दिसतात. पोरगी आरशाकडे पाठ करून बसते हो. तुम्ही आई आहात, तुम्हाला काय सांगायचं?"

वैजयंती घरी आली. आपण कुणाला शेळी विकायला सांगितलं नाही, असं तिनं मनाशी म्हटलं. मग म्हटलं, तापानंतर गेलेले केस पुन्हा येतातच, मुक्ताचेही येतील. श्रेय बाटलीला मिळालं तर आपलं काय बिघडतं? कारणं चांगली होती. एकेक पुढे येत होती आणि तिच्याकडे न बघता निघून जात होती. संध्याकाळी ती पुन्हा पाण्याला निघाली, तेव्हा मुद्दाम लांबच्या वाटेनं, हौसाच्या अंगणावरून गेली. मुक्ता शेळीला टेकून बसली होती. हातात वाटी, ओठांवर दुधाची मिशी. शेळी तिच्या बारक्या वेणीचं टोक चघळत होती आणि मुक्ता तिला चघळू देत होती. शेळी विकायची आहे, हे दोघींनाही माहीत नसावं.

सकाळी अप्पांनी बाटली कपाटातून काढली, फडक्यानं पुसली आणि गल्ल्याशेजारी ठेवली. हौसा शेळी घेऊन दुकानासमोरून निघाली होती, परत येताना बाटली नेते, असं सांगायला थांबली. बाजारच्या बायांची ये-जा चालू होती. तेवढ्यात वैजयंती आली. तिच्या हातात फळीवरची तिची बाटली होती.

ती म्हणाली, "हौसाबाई, शेळी विकू नका. या बाटलीत पुडीचाच शांपू आहे. दिवाळीपासून मी पुड्याच भरतेय."

मग मागून एक बाई म्हणाली, "बघा! दुसऱ्याच्या पोरीचे केस वाढू नयेत म्हणून काय काय सुचतं माणसाला."

"खरंच सांगते हो."

"आणि मग ओवीची वेणी काय आभाळातून पडली?"

अप्पांनी बाटली पुन्हा एकदा पुसली.

हौसाचे डोळे भरून आले. "वहिनी, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही तरी असं करायला नको होतं." तिनं शेळीचा दोर ओढला आणि ती पुढे निघाली.

अर्धं वर्ष वैजयंती खोटं बोलत होती, तेव्हा कुणी शंका घेतली नव्हती. आज एकदा खरं बोलली, तर एकाही बाईला पटेना.

तेवढ्यात अक्का आल्या. बाजारची पिशवी खाली ठेवून त्यांनी काय चाललंय ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हौसे, थांब. ही लबाड आहे."

सगळ्या बाया वळल्या.

"बंबाची राख रोज मी काढते. दिवाळीपासून त्या राखेत पुड्यांची वितळलेली चांदी निघतेय. ही जळणाखाली पुड्या लपवते आणि वर मला विचारते, अक्का, आज बंब धुरकटला का हो?"

जाऊ जावेच्या बाजूनं बोलली असती, तर गावानं मान हलवून सोडून दिलं असतं. जाऊ जावेला लबाड म्हणाली, तेव्हा मात्र सगळ्यांचा ताबडतोब विश्वास बसला. बायांनी पदर तोंडाला लावले. वैजयंतीचे कान तापले. ती हळूच म्हणाली, "अक्का, तुम्हाला माहीत होतं, मग बोलला का नाहीत?"

"पोरीचं डोकं स्वच्छ निघत होतं. तुलाही बरं वाटत होतं. मी कशाला मोडता घालू?"

हौसा परत फिरली होती. तिला लबाडीशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "मग केस वाढले कशानं?"

वैजयंतीला वाटलं, आता तरी काही ठाम सांगावं. पण तिला ठाम काही माहीत नव्हतं.

"नक्की मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "महागाचा होता तेव्हा मी शांपू जपला. स्वस्तातला आल्यावर डोकं जपलं. एवढाच फरक मला दिसतो. आणि ओवीचं दूध मी कधी बंद केलं नव्हतं, हौसाबाई."

हौसानं शेळीकडे पाहिलं. शेळीनं मधल्या वेळात कुणाच्यातरी टोपलीतली मेथीची जुडी निम्मी संपवली होती. टोपलीवाली ओरडायला लागली, तशी हौसा शेळी ओढत घराकडे पळाली.

पुढच्या रविवारी मुक्ता वैजयंतीकडे आली. त्यानंतर दर रविवारी येत राहिली. वैजयंती न्हाणीघरात दोघींची डोकी धुवायची आणि अक्का बाहेरून ओरडायच्या, "अगं, हातपंप कोरडा करतेस का?" पुड्या आता उघड्यावर, खिडकीत असायच्या. बायांची थट्टाही बरेच दिवस चालली. "वैजू, आज बाटलीत काय भरलंस?" वैजयंती ती ऐकून घ्यायची. अप्पांनी त्यांची बाटली पुन्हा काचेच्या कपाटात ठेवली. चित्रातल्या बाईचे केस अजून उडताहेत.

वैजयंतीनं आपली रिकामी बाटली तेल ठेवायला घेतली. तिनं ती गरम पाण्यानं धुतली, राखेनं घासली, उन्हात पालथी घातली. पण शांपूचा वास काही जाईना. शेवटी तिच्यात काहीच ठेवता आलं नाही.

पुढच्या चैत्रात मुक्ताच्या वेणीवर कळ्यांच्या दोनच ओळी बसल्या, पण फोटो होईपर्यंत एकही कळी गळली नाही. आरसा मागे वैजयंतीनं धरला होता. फोटोत आरशाच्या कडेला तिची बोटं आली आहेत, पाण्यानं सुरकुतलेली.

तात्पर्य: केसांना बाटलीची किंमत कळत नाही, धुणारा हात कळतो, आणि आपण मिरवलेल्या खोट्याची किंमत बहुधा तोच मोजायला निघतो, ज्याला ती मुळीच परवडणारी नसते.