काचेच्या झोपेबाबत

विषय: उंबरदरा संस्थानातील काचेने कामाच्या वेळेत झोपा काढण्याबाबत.
संदर्भ: श्रीमंत हैबतराव महाराजांचा तोंडी हुकूम, कारभारी त्र्यंबकपंतांनी तत्परतेने लेखी केलेला.

उपरोक्त विषयाची हकीगत अशी. महाराजांना संक्रांतीच्या दरबारासाठी काचेच्या सुरया हव्या होत्या आणि त्या आजच हव्या होत्या. महाराजांना सगळेच आज हवे असे; न्याहारी तेवढी काल. ते जातीने राजवाड्यामागच्या भट्टीवर गेले, तर लखू काचारी निवांत चिलीम ओढत बसलेला.

"सुरया कुठायत?"

"झोपल्यात, सरकार."

लखूने भट्टीशेजारच्या बंद कोठीकडे बोट केले. भट्टीतून निघालेली काच तो त्या उबदार कोठीत, गरम राखेत ठेवी आणि तिचा ताप हळूहळू उतरू देई. याला तो काच निजवणे म्हणे.

"आमच्या राज्यात काचसुद्धा झोपते?"

"निजवली नाही तर तडकते, सरकार. वरनं गार होते, आतनं तापलेली राहते, मग एका घरात दोघांचं पटत नाही."

"उठणार कधी?"

"उद्या."

महाराज पंतांकडे वळले. "आमचे कारकूनसुद्धा एवढं झोपत नाहीत."

पंतांनी लगबगीने कोठीच्या दाराकडे बोट केले. कारकून त्यांच्या नजरेखालचे होते.

कोठी तिथल्या तिथे उघडवली गेली. सुरया बाहेरच्या वाऱ्याला आल्या आणि एकेक करून सगळ्या तडकल्या. काचेला फूस लावल्याच्या आरोपावरून लखूचे पाय खोड्यात अडकवले गेले. संध्याकाळपर्यंत पंतांचा लेखी हुकूम निघाला: काचेने, तसेच धातूने, कामाच्या वेळेत झोपू नये. धातूचे कलम पंतांनी स्वतःच्या बुद्धीने घातले, कारण तांबटही भांडे ठोकता ठोकता मध्येच पुन्हा तापवून वेळ काढतात, असे त्यांच्या कानावर आले होते. तांबटांनी हुकूम मुकाट्याने पाळला. न तापवता ठोकलेला न्हाणीघरातला नवा हंडा कडेला चिरला आणि गळू लागला. पण त्याला गळका म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही.

तिसऱ्या दिवशी लखूची मुलगी येसू बापासाठी भाकरी घेऊन आली, ती तशीच महाराजांपुढे जाऊन उभी राहिली.

"बापाला सोडा, सरकार. सुरई मी करते."

"कर. उद्या सकाळी, आमच्या स्नानाच्या वेळी. भट्टीतून निघाली की थेट आमच्यासमोर. निजवायची नाही आणि तडकायची नाही. तडकली तर तुझा बाप खोड्यातच राहील आणि भट्टीवर पाणी ओतलं जाईल."

"जशी आज्ञा. एक विनंती आहे. सुरई भट्टीतून निघेल, तसं सरकारांनी न्हाणीतून निघावं. दोघांनीही वाटेत न थांबता मागच्या अंगणात भेटावं. सरकार स्वतः हुकूम पाळतात म्हटल्यावर काचेची काय बिशाद?"

महाराजांना हे फार आवडले. पंतांनी मान डोलावली, कारण महाराजांची डोलली होती.

येथे महाराजांच्या स्नानाविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. पाणी कढत लागे. स्नान झाले की दारे-खिडक्या बंद होत, महाराज शालींत गुंडाळले जात आणि शेगडीपाशी बसत. मग राजवैद्य एकेक शाल उतरवत आणि शेवटी खिडकी बोटभर उघडत. तोवर राज्यात काहीही होवो, महाराज बाहेर येत नसत. एकदा तबेल्याला आग लागली, तीही त्यांची वाट बघून विझली.

दुसऱ्या दिवशी पौषातला वारा सुटला होता. येसूने लालबुंद सुरई लोखंडी नळीवर बाहेर काढली आणि हाळी दिली, "सुरई निघाली, सरकार!"

"थांबायला सांगा तिला," आतून आवाज आला.

दारातल्या पंतांनी निरोप पोचवला. येसू म्हणाली, "पंत, थांबायची मनाई तुमच्याच सहीनं आहे."

दार किंचित उघडले. वाफेत गुरफटलेले महाराजांचे नाक बाहेर आले, त्याला वारा लागला आणि ते आत गेले. मग मोठी शिंक ऐकू आली. "लावा ते दार!"

तेवढ्यात अंगणात टिण्ण आवाज झाला. सुरईला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती.

"तडकली," पंत समाधानाने म्हणाले. "भट्टीवर पाणी ओतायला माणसं बोलावू, सरकार?"

"आधी सरकारांनी यावं," येसू म्हणाली. "सुरई तिच्या वेळेला आली."

"अगं पोरी, आमचं अंग तापलंय," आतून महाराज ओरडले. "या वाऱ्यात एकदम आलो तर हाडं तडकतील आमची!"

"मग कधी येणार, सरकार?"

"अंग हळूहळू निवलं की."

"आणि तोवर सरकार काय करणार?"

उत्तर राजवैद्यांनी दिले, कारण ते त्यांचे रोजचे वाक्य होते. "तोवर सरकार स्वस्थ पडून राहतील."

"कामाच्या वेळेत?" येसूने विचारले.

आत हंडा गळत होता. मग महाराज हसू लागले, आणि इतके हसले की शाली सुटल्या, वैद्य त्या गोळा करत फिरले. पंतही हसले, महाराज कशाला हसताहेत हे त्यांनी नंतर विचारून घेतले.

"लखूला सोडा," महाराज आतून म्हणाले. "आणि सुरया झोपवा. आम्ही उठायच्या आधी त्यांना कोणी उठवू नका."

संक्रांतीच्या दरबारात महाराजांनी सुरईवर अंगठी वाजवली. सुरई घंटेसारखी वाजली आणि शाबूत राहिली. येसूला महाराजांच्या अंगावरची शाल बक्षीस मिळाली.

हंडा तांबटाकडे दुरुस्तीला आहे. मूळ हुकूम कागदोपत्री कायम असून काच अद्याप बेकायदा झोपते. तो रद्द व्हावा म्हणून येसूने केलेला अर्ज कारभाऱ्यांच्या दप्तरी प्रलंबित आहे.