गाठी कोणी सोडल्या?

दोष म्हाताऱ्यांचा होता. हेमशीर्षाचा होताच, पण तो नंतरचा. आधी दोष त्यांचा, ज्यांना सगळे ठाऊक होते आणि जे वरच्या फांदीवर बसून पंख साफ करीत राहिले.

पूर्वी गोदावरीकाठच्या एका नगरात एक राजा राज्य करीत होता. त्या काळी नगराबाहेर एका विहिरीवर वाकलेल्या शिंदीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती आणि बोधिसत्त्व त्यांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सुबंध.

सुगरण पक्ष्यांत घरटे विणायचे काम नराचे. तो अर्धे विणून थांबतो आणि पंख फडफडवून मादीला बोलावतो. ती येते, घरट्याला लोंबकळते, चोचीने पहिली गाठ ओढून पाहते. गाठ टिकली तर राहते. सुटली तर काही न बोलता उडून जाते, आणि ते न बोलणे नराला फार लागते. सुबंधाची पहिली तीन घरटी अशीच नाकारली गेली होती. चौथे टिकले.

जुन्या घरट्यात सुगरणी पुन्हा राहत नाहीत. ती रिकामी घरटी मुनियांना मिळत. मुनिया म्हणजे ठिपकेदार, इवल्या, विणकामात अगदी ढ. गवताचे चार तुरे आत कोंबले की त्यांचा संसार मांडून झाला. सुबंधाच्या गेल्या वर्षीच्या घरट्यात तिलका नावाची मुनिया राहत होती. तिची पाच पिल्ले नुकतीच अंड्यांतून बाहेर आली होती.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली. हिरवे गवत उरले ते फक्त विहिरीच्या कडेला, आणि त्यावर वृद्धांनी हक्क सांगितला. तरुणांनी माळावरची वाळकी पाती आणली. वाळके पाते पीळ धरत नाही. हे सर्वांत थोर वृद्धाला, जीर्णपक्षाला, पक्के माहीत होते. पण बोलावे तर हिरवे गवत वाटून घ्यावे लागले असते. तो बोलला नाही.

बावीस तरुणांची घरटी नाकारली गेली. त्यांत सुबंधाचा धाकटा भाऊ कुशाग्र होता. तीन दिवस तो आपल्या अर्ध्या घरट्यापाशी बसून राहिला. सुबंध त्याच्यासाठी किडे आणी, शेजारी बसे, पाठीवरून चोच फिरवी. पात्याविषयी मात्र बोलत नसे. त्याला वाटे, जखम ताजी आहे, जरा भरू दे.

चौथ्या दिवशी हेमशीर्ष आला. त्याचे डोके सर्वांत पिवळे आणि आवाज सर्वांत मोठा. त्याने कधी घरटे विणल्याचे कोणालाच आठवत नव्हते.

"तुझा काही दोष नाही," तो कुशाग्राला म्हणाला.

एवढ्याच वाक्यासाठी कुशाग्र तीन दिवस ताटकळला होता. ते त्याला घरातल्या कोणी सांगायला हवे होते.

त्या दुपारी हेमशीर्षाने बावीस जणांना गोळा केले. "आपल्या आदिपुरुषानं एका सोनेरी पात्यानं आभाळ विणलं. त्याच्या रक्ताच्या विणकराची गाठ आपोआप सुटेल? ती सोडली जाते! कोण सोडतं? आपली घरटी रिकामी पडली की राहायला कोण येतं?"

"मुनिया!"

"आणि ते सोनेरी पातं कोणी पळवलं?"

"मुनिया!" आता आवाज दुप्पट झाला होता.

सुबंध पुढे झाला. "गाठ सोडताना कोणी पाहिलंय का?"

"नाही ना? यावरूनच ओळख, केवढ्या चलाख आहेत त्या."

"पाती वाळकी होती, म्हणून—"

"ऐका, ऐका! तुमचा पीळच कच्चा, असं म्हणतोय हा!"

"तिलका रोज तुरे भरवत असेल दादाला," मागून कोणीतरी म्हणाले, आणि सगळे खो खो हसले. कुशाग्रही हसला.

सुबंध वरच्या फांदीवर गेला. "आजोबा, तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

"आदिपुरुषाची गोष्ट आम्हीच तर सांगत आलो, बाळा. लहानपणी तुलाही आवडायची."

"गोष्टीचं राहू द्या. पात्यांचं सांगा."

जीर्णपक्षाने मान पंखात घातली. "पोरांचा राग आहे. कुठंतरी जाणारच. आपल्यावर येण्यापेक्षा तिकडं गेलेला बरा."

"तिकडं पाच पिल्लं आहेत, आजोबा."

"ऊन फार झालंय आज," म्हातारा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते बावीस जण आले. मुनियांचे एकेक घरटे देठापासून तोडून विहिरीत टाकायचे ठरले होते. सुरुवात तिलकेपासून, आणि पहिली चोच कुशाग्राची. भावाच्या घरट्यावर भावानेच चालून जावे, अशी हेमशीर्षाची हौस.

सुबंध घरट्याच्या देठाला पायांनी घट्ट धरून बसला. "हलू नकोस," तो आत तिलकेला म्हणाला. "पिल्लांवर बसून राहा."

"फितूर!" हेमशीर्ष ओरडला. मग चोचींचा मारा सुरू झाला. सुबंधाने एकालाही उलट टोचले नाही. कोणीतरी त्याचा उजवा पंख धरून पिरगळला, आणि काडी मोडावी तसा आवाज आला. पायांची पकड त्याने सोडली नाही.

"कुशा," तो धापा टाकत म्हणाला, "तोडू नकोस. गाठ सोड. मुनिया सोडतात म्हणतोस ना? मग तूही सोडून बघ."

कुशाग्राने गाठ चोचीत धरून ओढली. गेल्या वर्षी हिरव्या पात्याची घातलेली गाठ वाळून लाकडासारखी झाली होती. त्याने पुन्हा ओढली. मग खालून, मग बाजूने. हेमशीर्ष ओरडत होता, पण कुशाग्र शेवटी विणकर होता. गाठ चोचीत आली की त्याला दुसरे काही ऐकू येत नसे.

"विणकराच्या चोचीनं सुटेना," सुबंध म्हणाला. "तिची तर दाणे फोडायची चोच."

"मग माझी का सुटली?" कुशाग्राचा आवाज अगदी लहान झाला.

"पातं वाळकं होतं रे. माझी तीन तशीच गेली. तुझा पीळ माझ्यापेक्षा चांगला आहे, मी पाहिलाय. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुला लागेल म्हणून गप्प बसलो. चुकलं माझं."

कुशाग्राने भावाच्या लोंबणाऱ्या पंखाकडे पाहिले. मग त्याने मान वर केली.

"आजोबा, पातं वाळकं होतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

सगळ्या झाडाने कान दिला. "होतं," जीर्णपक्ष म्हणाला.

"मग?"

म्हाताऱ्याने पुन्हा मान पंखात घातली. 

कुशाग्र वळला आणि भावाच्या शेजारी, देठ धरून, सगळ्यांकडे तोंड करून बसला. थोड्या वेळाने एक जण येऊन बसला. मग आणखी दोघे. असे नऊ आले. उरलेल्या बारा जणांना घेऊन हेमशीर्ष नदीपलीकडच्या बाभळीवर गेला. मुनियांनी त्या दहा जणांना भुलवले, असे तो तिथे सांगू लागला, आणि ते तिथे सर्वांना पटलेही.

तिलका भीत भीत बाहेर आली. तिने पिल्लांना भरवले आणि एक दाणा सुबंधाच्या चोचीत ठेवला. दुपारी कुशाग्र विहिरीकडेच्या हिरव्या गवतात उतरला, कोणाला न विचारता. खोडावरून घसरत जमिनीवर उतरलेला सुबंध त्याला पीळ सांगत राहिला.

एवढे सांगून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, भिक्षूंना त्या जन्माची ओळख पटवली. तेव्हाचा हेमशीर्ष तो आजचा संघ फोडणारा देवदत्त, कुशाग्र तो शिष्य आनंद, तिलका ती भिक्षुणी उत्पलवर्णा. जीर्णपक्ष आणि त्याचे सोबती याच सभेत मागे टेकून बसले आहेत. त्यांची नावे शास्त्यांनी घेतली नाहीत. सुबंध ते स्वतः. दुखावलेल्याच्या शेजारी बसून त्याला खरे सांगणे, ही त्या जन्मी त्यांनी साधलेली सत्यपारमिता, सत्याची पूर्णता.

सुबंधाचा पंख जुळला नाही. तो पुन्हा कधी उडाला नाही, आणि पुन्हा त्याने घरटे विणले नाही.