लेखणी जिथे थांबली

डोंगरपायथ्याच्या एका गावातील महाविद्यालयात एकदा विद्यापीठाचे एक पत्र आले आणि भूगोल विभागात जणू सण सुरू झाला. पुढच्या गुरुवारी बाहेरची समिती येणार होती. तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे नमुने पाहून ती ठरवणार होती की या विभागाला एम.ए.चा वर्ग द्यावा की नाही. बी.ए. झाल्यावर पुढे शिकायचे तर इथल्या मुलामुलींना ऐंशी किलोमीटरवरच्या शहरात जावे लागे, आणि बहुतेक मुलींचे शिक्षण बी.ए.वरच थांबे. त्यामुळे त्या पत्राची वाट पंचक्रोशी पाहत होती.

विभागप्रमुख होते विश्वंभर घोलप सर. निवृत्तीला एक वर्ष उरलेले, नकाशांचे जाणकार, मोजके बोलणारे. त्यांचीच विद्यार्थिनी रेवती सोनटक्के दोन वर्षांपूर्वी त्या विभागात प्राध्यापिका म्हणून रुजू झाली होती. नमुने तयार करण्याचे काम सरांनी तिच्यावर सोपवले, तेव्हा तिचा आनंद गगनात मावेना.

काम वरकरणी सोपे होते. निकाल अजून लागायचा होता. उत्तरपत्रिकांवरची नावे झाकलेली होती, वर फक्त क्रमांक. त्यातून चार उत्तम, चार मध्यम आणि चार कमी गुणांच्या अशा बारा निवडून द्यायच्या. रेवतीने तीन दिवस खपून बारा उत्तरपत्रिका काढल्या. ज्यांतले अक्षर सुवाच्य, ज्यांवरच्या लाल खुणा ठसठशीत आणि ज्यांच्या गुणांवर कुणी बोट ठेवू शकणार नाही, अशाच तिने निवडल्या. निळ्या फायलीत त्या क्रमाने लावल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या आणि मंगळवारी सकाळी धावतच सरांच्या खोलीत गेली.

"सर, झालं! एकही खोट सापडायची नाही कुणाला."

सरांनी फाईल शांतपणे चाळली. शेवटचे पान मिटले, फाईल कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावले.

"सुरेख लावली आहेस," ते म्हणाले. "आता दुसरी लाव."

रेवतीला वाटले, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "दुसरी? यात काय चुकलं, सर?"

"काहीच नाही. तपासताना तुझी लेखणी कुठे थांबली होती, ते आठव. गुण दिलेस, खोडलेस, पुन्हा दिलेस, असे पेपर असतील ना? चार वरचे, चार मधले, चार खालचे, नियम तोच. पण तसले काढ. मी तपासलेल्या प्रश्नांतले मी काढतो."

"सर, समिती एम.ए. द्यायचं की नाही ते बघायला येतेय!" तिचा आवाज चढला. "आपण आपल्याच हाताने त्यांना शंका दाखवायच्या?"

सरांनी चष्मा पुसला आणि गठ्ठ्याकडे बोट दाखवले.

रेवती नाइलाजाने गठ्ठ्याकडे वळली. खरे सांगायचे तर तिला शोधावे लागलेच नाही. बेचाळीस क्रमांकाचा पेपर तिच्या मनात पंधरा दिवस रुतून बसला होता. प्रश्न होता : मातीचा पोत कसा ठरवाल? पुस्तकातले उत्तर चाळण्यांचे आणि पाण्याने भरलेल्या नळकांड्याचे. बेचाळीस क्रमांकाने त्यातले अक्षरही लिहिले नव्हते. तिथे लिहिले होते : 'माती ओली करून मळावी. अंगठा आणि बोट यांत दाबत तिची पट्टी काढावी. पट्टी लवकर तुटली तर वाळू जास्त. बोटभर लांब निघाली तर चिकणमाती जास्त. तरी समजले नाही तर कणभर माती पुढच्या दातांत धरावी. वाळू कचकचते, गाळ बारीक किरकिरतो, चिकणमाती लोण्यासारखी लागते. आमच्या घरी मडक्यांसाठी माती निवडताना काकू असेच करते.'

दहापैकी रेवतीने आधी पाच दिले होते. मग खोडून दोन केले होते आणि समासात लिहिले होते : 'अशास्त्रीय'. पेपरची बेरीज पस्तीस झाली होती. उत्तीर्ण व्हायला चाळीस लागत.

ती पेपर घेऊन सरांकडे आली. "सर, मी इथे सरळ गुण वाढवून टाकते. म्हणजे प्रश्नच मिटेल."

"प्रश्न मिटेल," सर म्हणाले, "पण उत्तर कळणार नाही. हे लिहिलेलं बरोबर आहे का?"

"मला माहीत नाही," रेवती हळूच म्हणाली.

"मलाही नाही. मी जन्मभर नकाशे काढले, माती दातांत धरली नाही." त्यांनी एक कोरा कागद घेतला, त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिले, 'येथे आम्हांला खात्री नाही', आणि तो पेपरला टाचून सगळ्या गठ्ठ्याच्या वर ठेवला. त्याखाली आपल्या तपासणीतला एक पेपर ठेवला आणि त्यालाही तसाच कागद टाचला.

गुरुवार उजाडला. समितीत दोघे होते. एक होत्या मृदाशास्त्रज्ञ डॉ. नसीम इनामदार, चपळ, ठेंगण्या, पायात रानात वापरायचे बूट. दुसरे एक निवृत्त प्राचार्य, कपाळाला कायमच्या आठ्या. त्यांनी वरचा कागद वाचला आणि भुवया उंचावल्या.

"खात्री नाही? घोलप सर, मग गुण कशाच्या आधारावर दिलेत? मला हे लिहावं लागेल."

"अवश्य लिहावं," सर म्हणाले.

रेवतीने डोळे मिटून घेतले. डोळ्यांपुढे एम.ए.चा वर्ग दूर जाताना दिसू लागला. तेवढ्यात इनामदार मॅडमचा आवाज आला, "अरे! अरे, थांबा जरा!"

त्या बेचाळीस क्रमांकाचा पेपर वाचत होत्या. वाचता वाचता उभ्या राहिल्या, आणि पाण्याची बाटली उचलून थेट बाहेर गेल्या. बाकीचे सगळे गोंधळून त्यांच्या मागोमाग. व्हरांड्याच्या कडेच्या जास्वंदीच्या आळ्यातली मूठभर माती मॅडमनी घेतली, पाण्याचे चार थेंब टाकून मळली आणि अंगठ्याने दाबत तिची पट्टी काढू लागल्या. पट्टी वाढत गेली, वाढत गेली आणि बोटाच्या लांबीला येऊन वाकली.

"बघा! चिकणमाती!" त्यांनी कणभर माती दातांत धरली आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "थोडी किरकिर आहे. गाळही आहे हिच्यात. तीस वर्षं मी शेतात उभी राहून हेच करतेय. चाळण्या असतात प्रयोगशाळेत. बांधावर दातच असतात! या मुलाला, का मुलीला, दोन गुण कुणी दिले?"

"मी," रेवती म्हणाली. "मला वाटलं, हे अशास्त्रीय आहे."

"या इकडे. हात पुढे करा."

मॅडमनी तिच्या तळहातावर मातीचा गोळा ठेवला. रेवतीने अंगठ्याने दाबले. पहिली पट्टी तुटली, दुसरी निघाली. तिच्या अंगावर शहारा आला. बोटांना स्पष्ट कळत होते! दोन वर्षे जे ती फळ्यावर लिहीत आली होती, ते पहिल्यांदा तिच्या हातात होते.

"आठ द्या," मॅडम म्हणाल्या. "दोन कापा, कारण प्रमाण किती ते सांगितलेलं नाही."

रेवतीने मनातल्या मनात बेरीज केली. एकेचाळीस! तिला ओरडावेसे वाटले.

मग सरांचा पेपर निघाला. एका पल्लेदार, अलंकारिक उत्तराला त्यांनी दहापैकी नऊ दिले होते. मॅडमनी ते दोनदा वाचले. "भाषा छान आहे, सर. पण मजकूर काय? मी पाच देईन."

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मला तोच संशय होता," ते म्हणाले. "भाषेला भुललो." आणि त्यांनी सर्वांसमक्ष नऊ खोडून पाच केले.

समिती गेल्यावर रेवती सरांसमोर बसली. हात धुवायचे ती विसरून गेली होती.

"सर, तुम्हांला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. काल जेवण गेलं नाही," सर म्हणाले. "रेवती, बाहेरचा माणूस तपासायला येतो, तेव्हा तो स्वतःचे डोळे घेऊन येतो. दोन तास ते डोळे आपल्याला वापरायला मिळतात. तुझ्या त्या निळ्या फायलीत सगळं आपल्याला आधीच दिसलेलं होतं. ते दाखवून शाबासकी मिळाली असती, आणि बेचाळीस क्रमांक नापास होऊन कुठेतरी भांडी घडवत बसला असता. आपण त्याच्यावर अन्याय केला, हे आपल्याला कधी कळलंही नसतं."

पंधरा दिवसांनी अहवाल आला. त्यात निवृत्त प्राचार्यांचा शेरा होता : 'गुणदानात एकवाक्यता नाही, सुधारणा आवश्यक.' त्याखाली डॉ. इनामदारांच्या अक्षरात लिहिले होते : 'इतरत्र त्रुटी आम्हांला शोधाव्या लागतात, येथे विभागाने त्या स्वतः पुढे ठेवल्या. वर्गास मान्यता द्यावी.' मान्यता मिळाली, पण तीन वर्षांची मागितली होती ती दोनच वर्षांची मिळाली. त्या दिवशी महाविद्यालयात पेढे वाटले गेले, आणि प्राचार्यांचा तो शेरा सरांनी सूचनाफलकावर सर्वांना दिसेल असा लावला.

पण खरी गोष्ट त्याआधी, त्याच गुरुवारी दुपारी घडली होती. समितीची गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा कपाटात आणखी सत्त्याऐंशी उत्तरपत्रिका होत्या. त्या कुणी मागितल्या नव्हत्या, कुणी पाहणारही नव्हते. रेवतीने कपाट उघडले, गठ्ठा टेबलावर आणला आणि दोरी सोडली.

"हे काय?" सरांनी विचारले.

"सर, लेखणी न थांबता मी जे गुण दिले, त्यांचं काय?"

सरांनी आपली खुर्ची टेबलाजवळ ओढली, लाल पेनाचे टोपण काढले आणि म्हणाले, "अर्धे इकडे दे."

आपल्या कामातला संशय जो स्वतःहून उजेडात ठेवतो, त्याच्याच खात्रीला जगात किंमत येते.