भरदुपारी लावलेला दिवा

एका राज्यात असा रिवाज होता, की ज्या व्यापाऱ्याचे दिवाळे निघाले त्याने भरदुपारी आपल्या उंबऱ्यावर दिवा लावावा आणि 'मजपाशी काही उरले नाही' असे चारचौघांत सांगावे. दिवा सूर्यास्तापर्यंत तेवला, की तो साऱ्या देण्यांतून सुटला.

त्या दुपारी दिवा लावला होता कंकोळशेट जादूगाराने. दरबाराने पाहणीला धाडले आपल्या तरुण कारकुनीला, चारुमतीला. घर रिकामे होते. भांडे नाही, अंथरूण नाही. माडीवर शंभर पिंजरे, तेही रिकामे. फक्त एका पिंजऱ्यातल्या वाटीत हरभऱ्याची डाळ होती, आणि ती नुकतीच भिजवलेली होती.

रिकाम्या पिंजऱ्यात ताजी डाळ कोणासाठी, म्हणून चारुमती दचकली. तशी ती पाल चुकचुकली तरी दचकायची, म्हणून आधी तिने स्वतःलाच रागे भरले. मग खाली येऊन विचारले, "शेटजी, पाखरे कधी गेली?"

"साथ आली, बाई. वर्ष झाले. पाखरे मेली, त्यांच्यासंगे आवाजही गेले."

कंकोळशेट लोकांचे आवाज वर्षाच्या बोलीने उसने घेई, पाखरांच्या गळ्यात घाली आणि दूरच्या दरबारांत त्यांचे गाणे करी. वर्ष सरले की आवाज परत, वर मोहरा. शंभर जणांनी आवाज दिले होते. चारुमतीच्या आईनेही दिला होता, लेकीच्या विद्यालयाच्या खर्चापायी. वर्षाची तीन वर्षे झाली, माउली अजून खुणांनीच बोलत होती.

चारुमती परसात आली. पलीकडे शेटच्या मेहुण्याचे अंगण होते. तिकडून कोणी म्हणाले, "चपला वाटेत कशाला काढल्यास गं, धांदरट?"

"चुकले," म्हणून ती सवयीने वाकली. वाकली आणि तशीच राहिली. चपला तिच्या पायांत होत्या. भिंतीवर साळुंकी बसली होती, आणि आवाज आईचा होता.

तिने टाचा उंचावून पाहिले. अंगणभर पाखरे बसली होती आणि त्यांच्या तोंडून गावची माणसे बोलत होती.

चारुमती धावत चौकात गेली. आवाज गमावलेली माणसे तिथे जमली होती. तिने सांगितले, तशी माणसे रडली, त्यांनी कपाळावर हात मारले. पण फिर्यादीचा एक शब्द कोणाला उच्चारता येईना. मग चारुमती न्यायाधीशाकडे गेली.

"फिर्याद कोणाची?" न्यायाधीशाने विचारले. "घेणेकऱ्याने ती तोंडाने करावी, असा कायदा आहे."

"त्यांना वाचा नाही, महाराज."

"मग फिर्यादही नाही. मी निवाडा करणारा. बोट दाखवणे माझे काम नव्हे."

कंकोळशेटने मोहरा सोडून आवाजच का घेतले, ते चारुमतीला आत्ता कळले. कायदा त्याने तिच्याआधी वाचला होता.

तिसरे दार राजाचे. राजा नुकताच वामकुक्षीतून उठला होता.

"देणे-घेणे त्यांचे, भांडण त्यांचे," तो म्हणाला. "राजाने मध्ये का पडावे?"

चारुमतीने विचारले, "महाराज, दिवा त्याने कोणापुढे लावला?"

"राज्यापुढे."

"मग फसवले कोणाला?"

राजाने पानाचा विडा खाली ठेवला. तो म्हणाला, "राज्याला." आणि त्याने सनद लिहवली: दिव्याआड जो लबाडी करील, त्यावर राज्य फिर्याद करील, आणि ज्याने पाहिले, त्याने राज्याच्या वतीने बोलावे.

"म्हणजे मी?" चारुमती म्हणाली. तिला वाटले होते, एखादा सरदार जाईल.

"पाहिलेस तूच. आणि ऐक, पोरी. दिव्यापुढे शेटला प्रश्न तीनच विचारता येतील. तिन्हींची उत्तरे खरी निघाली, तर तुझाही आवाज जाईल."

सूर्य चार बोटे वर असता ती उंबऱ्याशी पोहोचली. तो दिवा खोट्याला भुलत नसे, खोटे ऐकले की त्याची ज्योत हले. मात्र अधिकाराने कोणी विचारल्यावाचून कौलही देत नसे. तिने सनद ज्योतीपुढे धरली.

"तुमच्यापाशी लोकांचे आवाज आहेत?"

"नाहीत."

ज्योत हलली नाही.

"मेहुण्यापाशी आहेत?"

"आहेत," शेट हसला. "बहिणीच्या घरी भेट दिली."

"साथीत गेले म्हणालात."

"दिव्याला नव्हतो म्हणालो, बाई, तुम्हाला म्हणालो. भेट देणे गुन्हा कधीपासून झाला?"

ज्योत सरळच. एकच प्रश्न उरला. पाखरे कुठे आहेत, हे विचारून झाले होते. आता मनात काय होते, तेवढेच विचारायचे राहिले.

"भेट दिलीत त्या दिवशी, आपल्याला हा दिवा लावायचा आहे, हे तुम्हाला ठाऊक होते?"

कंकोळशेटने ओठ चाटले. "नव्हते."

ज्योत निळी झाली, आडवी पडली आणि त्याच्याकडे रोखून राहिली. चारुमतीबरोबर आलेल्या शिपायांनी त्याच्या दंडाला धरले. भेट खोटी ठरली, तशी भिंतीपलीकडे पाखरांनी चोची उघडल्या, तर नुसती चिवचिव निघाली. चौकात नव्याण्णव गळे एकदम खाकरले. तिकडे न्यायाधीशाने आसन मांडायला सांगितले. त्याला आता फिर्याद मिळाली होती.

चारुमती थांबली नाही. आई चौकात नव्हती. तीन वर्षे ती घराबाहेरच पडली नव्हती. दारातून तिने हाक मारली, "आई." घर गप्प. माजघराशी येऊन तिने पुन्हा मारली. काही नाही. भिंतीला हात टेकून तिने तिसऱ्यांदा हाक मारली.

स्वयंपाकघरातून, घोगरी, बिचकत आलेली, "ओ" ऐकू आली.