मनगट

"…मग मी काय शिकले, माई?"

प्रणाली उभी राहूनच विचारत होती. हातात ओलं फडकं.

आमच्या मठात सुभद्रामाई अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या सांभाळायच्या. सेवा करता करता शिकायचं, म्हणून कॉलेजची पोरंपोरी तिथे येऊन राहिली होती. मी उंबऱ्याशी गहू निवडत होते, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

"कॉलेजचे सर काय म्हणाले?" माईंनी विचारलं.

"म्हणाले, पोरं बघ कशी बदलली, आली तेव्हा साधं पाणी पाजता येत नव्हतं. तू आलीस तशीच आहेस. पुढच्या शिक्षणाला एकच जागा आहे, ती मयूरेशला."

"आणि तू?"

"मी घरी. आजी अंथरुणाला आहे ना… बाबा म्हणतात, हिला सवय आहे, हीच बघेल."

मयूरेश खांबाला टेकून बसला होता. पोरगा वाईट नव्हता, पण तोंडाचा पट्टा भारी.

"माई, मी तर भाकरी थापायलासुद्धा शिकलो! म्हातारीची कूस बदलायला, वेणी घालायला. आता राहिलं काय?"

"एक राहिलंय. दोघांचंही. बस गं पोरी खाली."

प्रणाली टेकली. एक गुडघा वरच.

"नीट. मांडी घाल."

"माई, आत गोदामावशींना पाणी…"

"बस म्हटलं ना."

माईंनी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

मयूरेशला गप्प बसवेना. गोदामावशींची वेणी आपण कशी घातली, त्याची गोष्ट त्याने सुरू केली.

आतून बारीक आवाज आला. "पाणी…"

प्रणाली उठायला लागली. माईंनी तिचं मनगट धरलं.

मयूरेश सांगतच होता.

"पाणी दे गं…"

"माई, सोडा ना." पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

माईंनी सोडलं नाही. काटकुळा हात, पण पकड अशी की बोटं पांढरी पडली.

"…तर मावशी म्हणाल्या, पोटच्या लेकानेही इतकं केलं नसतं!" मयूरेश हसला.

आत भांडं पडलं. घरंगळत गेलं…

"काय झालं?"

"कधीची मागतेय ती."

"मला नाही ऐकू आलं, माई."

माई त्याच्याकडे बघत राहिल्या.

त्याचं तोंड उतरलं. गुपचूप उठून आत गेला. माठातून पाणी घेतल्याचा आवाज आला. "घ्या मावशी… सावकाश."

माईंनी मनगट सोडलं. बोटं उमटली होती.

"बघा, आजही तोच शिकला," प्रणाली म्हणाली. "मला नुसतं धरून ठेवलंत."

माईंनी हात मागे घेतला नाही.

आत गोदामावशींना ठसका लागला. "आहे ना मी, थांबा हं," मयूरेश म्हणत होता.

तरी प्रणाली उठली. ओढणी खोचली, फडकं उचललं. पाऊल उंबऱ्यावर पडलं तेव्हा थबकली आणि वळून माईंकडे बघितलं.

माईंचा हात अजून तसाच पुढे होता. रिकामा.

"घरी आजी खोकेल, तेव्हा तुझं मनगट कोण धरणार, पोरी?"