दुसऱ्या पसंतीची राजधानी

तीन वसाहतींचं नवं संघराज्य राजधानीच्या नावावरून अडलं होतं. रेवाळ आणि कोंडूर या दोन मोठ्या वसाहती एकमेकींवर इतक्या जळत, की बैठकही मधल्या नदीत होडी उभी करून भरली. पलीकडच्या काठाला पाय लावायला कुणीच तयार नव्हतं.

परक्या सरकारचा गव्हर्नर म्हणाला, “सूर्यास्तापर्यंत एक नाव द्या, नाहीतर राहा आमच्याच ताब्यात.”

तिसऱ्या, धाकट्या वसाहतीचे, मिठाळ्याचे पुढारी लाडोबा उठले. “मंडळी, आपली वसाहत सोडून दुसरी पसंती लिहा.”

रेवाळ आणि कोंडूरच्या पुढाऱ्यांनी झटकन मिठाळं लिहिलं. शेजाऱ्याला मिळू नये, एवढंच त्यांनी पाहिलं.

गव्हर्नर खवचटपणे हसला. “मत्सरावर राष्ट्र उभं करता?”

लाडोबा म्हणाले, “साहेब, तुमचं राज्य शंभर वर्षं आमच्या याच मत्सरावर उभं आहे की! आता थोडा आमच्याही कामी येऊ द्या.”