सुंद्रामायच्या दाराची कडी

फार फार वर्षांपूर्वी, सावरखुट्याला ना रस्ता होता ना दवाखाना, तेव्हा गावात होती सुंद्रामाय. पंचक्रोशीची सुईण. तिच्या हाताला असा गुण, की पोटातलं आडवं मूलही तिचा आवाज ऐकून सरळ व्हायचं, असं म्हणतात. बाई अडली की माय आधी हुकूम सोडायची, "कड्या काढा!" मग गावातल्या दारांच्या, पेट्यांच्या सगळ्या कड्या निघायच्या. कड्या निघाल्या की बाई सुटते, अशी आपली रीत.

निवडणूक आली. मतं मागायला आलेल्यांना बायका म्हणाल्या, "जिनं आम्हाला जगात आणलं, तिलाच आम्ही दिल्लीला धाडणार." आणि धाडलं की हो!

दिल्लीत पाच वर्षं मायचं एकच पालुपद, सावरखुट्याला दवाखाना द्या. कुणी ऐकेना. शेवटी भर लोकसभेत ती कडाडली, "तिकडं बाया मरतायत, कड्या काढा!" तशी सभागृहाची सगळी दारं खाडकन उघडली, असं म्हणतात. दवाखाना मंजूर झाला.

पण पुढच्या निवडणुकीत माय पडली. तीही कशी? खुद्द सावरखुट्यात तिचं स्वतःचं सोडलं तर एक मत नाही! मायचं काळीज फाटलं. "ज्यांच्या नाळा कापल्या, त्यांनीच माझा गळा कापला," म्हणाली, आणि घरात शिरून तिनं आतून कडी लावली.

दवाखान्याच्या भिंती अजून उभ्या राहायच्या होत्या, तेवढ्यात शेजारची केशर अडली. गावानं सगळ्या कड्या काढल्या. उन्हं कलली तरी पोरगी सुटेना. तेव्हा केशरची सासू पारूकाकी मायच्या दाराशी येऊन रडायला लागली.

"माय, गावात एकच कडी लागलेली आहे. तुझी."

"मत देताना नाही आठवले होय गं मी?"

"आठवलीस म्हणूनच नाही दिलं! तू तिकडं, अन् इकडं किती बाया गेल्या. माझी लेक गेली. दिल्लीला खासदार ढीगभर मिळतील, माय. आम्हाला तू एकच."

"मग तसं तोंडानं सांगायचं की गं मेल्यांनो!" म्हणत मायनं रडत रडत कडी काढली. ती उंबरा ओलांडते न ओलांडते, तोच केशरच्या घरातून ट्यांहां ट्यांहां ऐकू आलं, असं म्हणतात.

आता दवाखाना आहे, डॉक्टरीणबाई आहेत. तरी कुणाला कळा सुरू झाल्या की गाव अजून कड्या काढतं. पहिला मान मायच्या रिकाम्या घराचा. कुणीतरी धावत जातं तिथली कडी काढायला, तर ती आधीच निघालेली असते. असं म्हणतात.